तळहाताने पाइप बंद करून बघा

वाचकाचं पत्र: १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ५५ सेंमी उंच असा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांसाठी खाऱ्या पाण्याचा टँक, बनवून घेतला आहे. काचेला अजून एकही भोक पाडलेलं नाही. खालच्या कपाटात ९० × ४० × ४० सेंमीचा संप बसतो, म्हणजे ती खालची टाकी जिच्यातून रिटर्न पंप पाणी वर चढवतो आणि जिच्यात ते ड्रेनच्या पाइपातून परत उतरतं. दुकानदार म्हणतो, चांगली काच कशाला फोडता, मागे अडकवायचा सायफनवाला बॉक्स घ्या, एक इंची पाइप ताशी अडीच हजार लिटर आरामात नेतो. वर परतीच्या पाइपला चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका, मग लाइट गेली तरी काळजी नाही. मित्र म्हणतो, एक ड्युरसो पाइप पुरे. कुणी हर्बी म्हणतं, कुणी बीनअ‍ॅनिमल. डोकं गरगरलं आहे. घरच्यांची अट एकच आहे: जमिनीवर एकदा जरी पाणी दिसलं तरी टँक घराबाहेर जाईल. कोणता ड्रेन करू? आणि रिटर्न पंप इन्व्हर्टरवर टाकू का?

उत्तर:

काचेला अजून भोक नाही हे वाचून हायसं वाटलं. बहुतेक पत्रं पाणी भरून, खडक रचून, मासे सोडून झाल्यावर येतात, आणि मग सल्ला म्हणजे ठिगळ लावणंच उरतं.

दुकानदाराचा आकडा खोटा नाही. एक इंची पाइप पूर्ण सायफनवर, म्हणजे आत हवेचा थेंब नसताना पाण्याने गच्च भरून चालत असेल, तर टँकखालच्या पाऊण मीटर उतारावर ताशी अडीच हजार लिटर सहज खेचतो. पण हा सगळं नीट चाललेल्या दिवसाचा हिशोब झाला. ड्रेन निवडताना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते दोनच आहेत. पाइप तुंबला तर पाणी कुठे जाईल? आणि लाइट गेली तर पाणी कुठे जाईल? ज्या रचनेत या दोन्हींचं उत्तर ‘काचेच्या आतच’ असं लिटरमध्ये मांडून दाखवता येतं, ती सुरक्षित. ती नावाने कोणतीही असो.

मी हे शहाणपणाने शिकलो नाही. माझ्या पहिल्या टँकला एकच ड्युरसो होता. रात्रभर त्याची गुळगुळ चालायची आणि मला तिची सवय झालेली. एका पहाटे जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबल्याने. उठलो आणि पाय गारेगार पाण्यात. टँकच्या काठाशी जो डबा असतो, ज्यात वरचं पाणी सांडून ड्रेनच्या पाइपात जातं, तो ओव्हरफ्लोचा डबा. एक टर्बो गोगलगाय त्याच्या कंगव्यासारख्या दातांवरून चढून आत उतरली होती आणि पाइपच्या तोंडात अशी चपखल बसली होती की जणू मापाने केलेलं बूच. पंप बिचारा आपलं काम करत राहिला. संपमधलं पाणी कमी झालं तसं ऑटो टॉप-अपने (बाष्पीभवनाने घटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राने) इमानेइतबारे गोडं पाणी ओतलं, पंपाने तेही वर चढवलं. टॉप-अपची टाकी रिकामी झाली तेव्हा कुठे खेळ थांबला. गोगलगायीला काहीही झालं नाही. फरशीच्या सांध्यांमधलं मीठ मात्र कित्येक महिने पुसत होतो.

आता तुमच्यापुढचे पर्याय.

मागे अडकवायचा बॉक्स काचेवरून उलट्या यू आकाराच्या नळीने पाणी ओढतो. लाइट गेली की प्रवाह थांबतो, पण नळीची दोन्ही टोकं पाण्यात बुडालेली राहतात म्हणून सायफन टिकून राहतो, लाइट आली की आपोआप चालू होतो, अशी त्यामागची कल्पना. कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात वाहत्या पाण्यातले बारीक बुडबुडे नळीच्या माथ्यावर साठत जातात. प्रवाह मंद असेल तर आणखी लवकर. एक दिवस माथ्यावरचा हवेचा फुगा पुरेसा मोठा होतो आणि सायफन तुटतो. त्यानंतर वर येणारं पाणी परत खाली जायला वाटच नसते. हवा ओढून घ्यायला एक चिमुकला पंप जोडतात, पण त्याची नळी शेवाळाने तुंबली की आपण पुन्हा तिथेच. भाड्याने आणलेल्या, भोक पाडणं अशक्य असलेल्या टँकला नाइलाज म्हणून मी हा बॉक्स समजू शकतो. तुमची काच कोरी आहे. तुम्ही या वाटेला जाऊ नका.

ड्युरसो म्हणजे वरच्या टोकाला खाली वळवलेला एल्बो आणि टोपीत हवेसाठी बारीक भोक असलेला उभा पाइप. त्यातून पाणी आणि हवा एकत्र उतरतात, म्हणून त्याच जाडीच्या सायफनपेक्षा तो बराच कमी पाणी नेतो आणि थोडाफार बोलत राहतो. वाईट रचना नाही. माझी तक्रार त्याच्या एकटेपणाबद्दल आहे. एकच पाइप असेल तर एकच गोगलगाय पुरते.

हर्बीमध्ये दोन पाइप असतात. पहिला पूर्ण सायफन, खाली त्याला गेट व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत डब्यातलं पाणी पाइपच्या तोंडावर स्थिर ठेवायचं, म्हणजे हवा आत जात नाही आणि आवाज जवळजवळ शून्य. दुसरा पाइप उंच, कोरडा, फक्त आणीबाणीसाठी. शांततेच्या बाबतीत हर्बीला तोड नाही. अडचण अशी की सायफन आणि पंप यांचा प्रवाह तंतोतंत जुळावा लागतो, आणि पंप तर दर आठवड्याला थोडा मळतो. पंपाचा जोर कमी झाला की डब्यातली पातळी घसरते, सायफन हवा गिळतो, घोटघोट आवाज सुरू होतो. मग कपाट उघडून व्हॉल्व्हला पाव फेरा. आठ दिवसांनी पुन्हा पाव फेरा. कुणाला यात मजा येते. मला येत नाही.

बीनअ‍ॅनिमल हे नाव प्राण्याचं वाटतं, पण ते ज्या हौशी माणसाने ही रचना मांडली त्याचं टोपणनाव आहे. यात तीन पाइप. पहिला हर्बीसारखाच पूर्ण सायफन, गेट व्हॉल्व्हसकट. बहुतेक पाणी तो नेतो. दुसरा उघडा पाइप, ज्यातून उरलेली बारीक धार भिंतीला चिकटून आवाज न करता उतरते. पंप थोडा कमी-जास्त झाला तर ही धार कमी-जास्त होते, व्हॉल्व्हला हात लावावा लागत नाही. तिसरा कोरडा, सगळ्यात उंच.

खरी गंमत दुसऱ्या पाइपात आहे. त्याच्या माथ्याला हवेची एक बारीक नळी जोडलेली असते आणि तिचं मोकळं टोक डब्यात, नेहमीच्या पातळीपेक्षा थोडं वर धरलेलं असतं. समजा पहिल्या पाइपात काही अडकलं. डब्यातलं पाणी चढतं, नळीचं टोक बुडतं, दुसऱ्या पाइपाची हवा बंद होते, आणि काही क्षणांत तो स्वतःच पूर्ण सायफन होऊन सगळा प्रवाह खेचू लागतो. पातळी उतरली की नळी हवा घेते आणि तो पुन्हा शांत धारेवर येतो. यात ना सेन्सर, ना वायर. हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी पाचसहा वेळा मुद्दाम पाइप दाबून धरला होता, नुसतं बघायला.

तर माझा कौल बीनअ‍ॅनिमलला. तीन भोकं पाडणं काही कारणाने जमलंच नाही, दोनच पडली, तर हर्बी. पण मग कोरडा पाइप एकटा पूर्ण प्रवाह पेलतो हे आधी पडताळून घ्यायचं.

आता हिशोब. तुमच्या टँकचं पृष्ठ १२० × ६०, म्हणजे ७,२०० चौरस सेंमी. पातळी १ सेंमी वर-खाली झाली की ७.२ लिटर. संपमध्ये १ सेंमी म्हणजे ३.६ लिटर. हे दोन आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

आधी लाइट जाण्याचं बघू. पंप थांबतो, पण परतीच्या पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर तोच पाइप उलटा सायफन होतो आणि ते तोंड उघडं पडेपर्यंत टँकमधलं पाणी खाली ओततो. तोंड ६ सेंमी खोल असेल तर ४३ लिटर. ओव्हरफ्लोच्या डब्यातलं आणि पाइपांमधलं मिळून आणखी साधारण १० लिटर धरा. एकूण ५३, म्हणजे संपची पातळी जवळपास १५ सेंमी चढणार. संप चालताना २२ सेंमीवर असेल तर ३७ वर पोचला, काच ४० ची. त्यात कधी चुकून संप थोडा जास्त भरला असेल तर गेलाच काठावरून. आता तेच तोंड पाण्याखाली फक्त दीड सेंमीवर ठेवा: ११ अधिक १०, एकूण २१ लिटर, पातळी ६ सेंमीसुद्धा चढत नाही. खर्च शून्य.

इथेच चेक व्हॉल्व्हचा विषय संपतो. त्याच्या आतल्या पडद्याखाली वाळूचा एक कण, चुन्याचा पापुद्रा किंवा तांदळाच्या दाण्याएवढी गोगलगाय आली की तो बंद होत नाही, आणि तो बंद होत नाही हे लाइट गेल्याशिवाय कळत नाही. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत जे सायफन तोडायचं बारीक भोक पाडतात, तेही शेवाळाने नाहीतर मिठाने बुजतं. दोन्ही ठेवायचे तर ठेवा, मात्र हिशोब ते नाहीतच असं धरून करा.

आता तुंबण्याचं. सगळे ड्रेन एकदम बंद पडले असं समजा. पंप वर किती पाणी चढवू शकेल? संपमध्ये आडव्या काचा असल्यामुळे फक्त रिटर्नच्या कप्प्यात आहे तेवढंच. तो कप्पा २५ × ४० ठेवलात तर १ सेंमीला बरोबर १ लिटर. पाणी २० सेंमीवर आणि पंप ५ सेंमीवर हवा गिळू लागतो, म्हणजे १५ लिटर. वर टँकमध्ये ते झाले २.१ सेंमी. चालू पातळी काठापासून ४ सेंमी खाली असेल तर तिन्ही पाइप बंद पडूनही पाणी काचेतच राहील. पंप कोरडा घरघरेल, तुम्ही उठाल, शिव्या द्याल, पण फरशी कोरडी. रिटर्नचा कप्पा मोठा ठेवा असं सांगणारे पुष्कळ भेटतील, कारण मग टॉप-अप विसरला तरी चालतं. तो आराम या १५ लिटरांच्या मर्यादेच्या बदल्यात मिळतो हे लक्षात असू द्या.

आणि टॉप-अपची टाकी या हिशोबाला भोक पाडते, ते वर सांगितलंच. ती लहान ठेवा, दोनतीन दिवसांच्या बाष्पीभवनापुरती, आणि यंत्र असं घ्या की ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त वेळ पंप चालला तर ते स्वतः थांबेल. हा फक्त फरशीचा प्रश्न नाही. भरमसाट गोडं पाणी पडलं की क्षारता घसरते आणि प्रवाळ ३५ सहस्रांशाच्या आसपासच खूश असतात.

प्रवाह किती हवा? तुमच्या टँकला संपमधून ताशी दोन हजार लिटर खरे मिळाले तरी भरपूर. प्रवाळांना लागणारी जोराची हालचाल वेव्हमेकर (टँकच्या आत बसवून पाणी ढवळणारे छोटे पंप) देतील, ते काम रिटर्न पंपाकडून करून घेऊ नये. डबा मात्र लांब करा. मागच्या काचेला समांतर ९० सेंमी लांबीचा, सरळ काठाचा डबा केलात तर दोन हजार लिटरला काठावरून जेमतेम ५ मिमी जाडीचा पडदा वाहतो. कोपऱ्यातल्या २० सेंमीच्या काठावर तोच १३ मिमी होतो, आणि दात असतील तर त्याहून जास्त. पातळ पडदा पृष्ठभागावरची तेलकट साय चांगली खेचतो आणि काठावरून पाणी कोसळण्याचा आवाजही कमी. काठावर जाळी बसवायला विसरू नका. गोगलगायी चढणारच.

भोकं मागच्या काचेत वरच्या बाजूला घ्या, तळाला नको. वरच्या बल्कहेडमधून (भोकात पाइप बसवायच्या जोडातून) गळती झाली तरी पाणी भोकाच्या पातळीपर्यंतच उतरेल. काच टफन्ड आहे का हे आधी बघा, कारण टफन्ड काचेला ड्रिल लावलं की तिचा क्षणात चुरा होतो. भोक पाडता येत नाही म्हणजे नाहीच. बनवणाऱ्याला विचारा आणि स्वतःही तपासा: काचेमागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन धरा आणि पुढून पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल वेगवेगळ्या कोनांत फिरवल्यावर काळपट पट्टे किंवा ठिपके दिसले तर काच टफन्ड. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर सोडा. बल्कहेडची रबरी वायसर आतल्या, ओल्या बाजूला, चकतीखाली. नट हाताने घट्ट, वर पाव फेरा, बस. पाना लावून पिळणारे लोक काच तडकवतात, मग सिलिकॉनला दोष देतात.

सायफनचा पाइप एक इंची चालेल, उघडा त्याच मापाचा. कोरडा सव्वा किंवा दीड इंची घ्या. काटकोनी एल्बो कमीत कमी, जमेल तिथे ४५ अंशांचे. सायफनचं खालचं टोक संपच्या पाण्यात २ ते ३ सेंमीच बुडवा. खोल बुडवलंत तर सुरुवातीला पाइपातली हवा बाहेर पडायला धडपडते आणि सायफन धरत नाही. कोरड्या पाइपचं टोक पाण्याच्या वर ठेवा. त्यातून पाणी आलं तर ते धबधब्यासारखं आपटलं पाहिजे. तोच तुमचा फुकटचा भोंगा.

गेट व्हॉल्व्ह प्लॅस्टिकचाच घ्या. प्लंबिंगच्या दुकानात पितळी व्हॉल्व्ह चटकन हातात देतात, आणि पितळेत तांबं असतं. माशांना जेवढं तांबं सहन होतं त्याहून कितीतरी कमी प्रमाणात गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ मरतात. बॉल व्हॉल्व्हही नको: त्याचा दांडा केसभर हलवला की प्रवाह मूठभर बदलतो.

जोडणी झाली की मीठ टाकण्याआधी साध्या पाण्याने दोन दिवस चालवा आणि टँकला त्रास द्या. पंप बंद करा, संप किती चढतो ते बघून मार्करने रेघ मारा. चालू करा. पहिला अर्धा-एक मिनिट कोरडा पाइप गर्जेल, सायफन हवा बाहेर टाकेल, मग सगळं शांत होईल. तसं झालं नाही तर खालचं टोक खूप खोल आहे. आता डब्यात हात घालून सायफनचं तोंड तळहाताने बंद करा. दुसरा पाइप जागा झाला पाहिजे. दुसरा हात घालून तोही बंद करा आणि तिसऱ्याचा आवाज ऐका. शेवटी घरातल्या कुणालातरी मदतीला बोलवा, तिन्ही बंद करा आणि पंप हवा गिळेपर्यंत काठाकडे बघत उभे राहा. अट घालणारी व्यक्तीच मदतीला आली तर उत्तम. हीच चाचणी दर दोनतीन महिन्यांनी, पंप धुवाल त्या दिवशी.

राहिला इन्व्हर्टर. त्यावर रिटर्न पंप टाकू नका. लाइट गेल्यावर माशांचा जीव ऑक्सिजनअभावी जातो आणि ऑक्सिजन पाण्यात मिसळतो तो पृष्ठभाग हलता राहिल्याने. एक वेव्हमेकर वरच्या बाजूला तोंड करून इन्व्हर्टरवर लावा. तो पंपापेक्षा खूप कमी वीज खातो, त्यामुळे तीच बॅटरी कित्येक तास जास्त पुरेल. वायर प्लगकडे जाण्याआधी प्लगच्याही खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोलाच्या तळाशी गळून पडेल.